तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग

तिला सगळे ताईच म्हणत. सुरुवात धाकट्या भावाने केली, मग भावाच्या मित्रांनी, मग त्या मित्रांच्या आयांनी, आणि बघता बघता अख्ख्या गल्लीची ती ताई झाली. पुढे तिच्या वर्गात येणारे टक्कल पडलेले आर्किटेक्टसुद्धा हात वर करून "ताई, एक शंका आहे" म्हणायला लागले, तेव्हा तिला मनातल्या मनात हसू यायचं. वयाने तिच्याहून मोठी माणसं ती!

वर्ग कसला, तर इमारती बांधणाऱ्यांना पुन्हा शाळेत बसवणारा. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला, डोळ्यांनी न दिसणाऱ्याला, गुडघे गेलेल्या म्हाताऱ्याला कुणाची मनधरणी न करता इमारतीत शिरता यावं, म्हणून दार किती रुंद हवं, उतार किती हवा, लिफ्टची बटणं किती उंचीवर हवीत, याचे नियम झाले होते. दर काही वर्षांनी हे नियम नव्याने शिकल्याशिवाय आर्किटेक्टचा परवाना पुढे चालू राहत नसे. त्यामुळे बरेचजण परवान्यासाठी येत, मागच्या बाकावर बसत आणि चहाची वाट बघत. ताईला त्याचा राग येत नसे. तिला स्वतःला शाळेत असताना भूगोलाच्या तासाला झोप यायची.

ती स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून शिकवायची. लहानपणी आलेल्या एका तापाने तिचे दोन्ही पाय नेले होते. ताप उतरला, आईने देवाचे आभार मानले, आणि पोरगी उभी का राहत नाही हे कळायला मग आणखी काही दिवस गेले.

बाबा पोस्टमन होते. उंच, काटक, आणि तोंडाचा पट्टा असा, की पत्र द्यायला गेले की पत्रातल्या मजकुरापेक्षा यांच्याच गप्पा लांब. शाळेत ते तिला सायकलवरून सोडत. शाळा बैठी होती, त्यामुळे प्रश्न आला नाही. प्रश्न आला तंत्रनिकेतनात. इमारतींचे नकाशे काढायचा अभ्यासक्रम तिने मनापासून निवडला होता, आणि नकाशांचा हॉल होता तिसऱ्या मजल्यावर. वरती उजेड चांगला येतो म्हणून. लिफ्ट नव्हती.

प्रवेशाच्या दिवशी प्राचार्यांनी आधी ताईकडे पाहिलं, मग जिन्याकडे, मग बाबांकडे. "रोज कसं जमणार?" ते म्हणाले.

"रोज टपाल कसं जातं, तसंच," बाबा म्हणाले. "मी आजवर एक पार्सल परत नेलेलं नाही साहेब."

दुसऱ्या दिवसापासून पहाटेचं टपाल लावून झालं, की बाबा तिला पाठुंगळी घेऊन तीन मजले चढत. वर पोचल्यावर तिला उंच स्टुलावर बसवत आणि घाम पुसत शेजारच्या मुलींना म्हणत, "रजिस्टर पार्सल आहे हं, सही करून घ्या." मुली हसत. आठवड्याभरात ताईचं नाव पडलं पार्सल. संध्याकाळी फेरी संपवून बाबा पुन्हा वर येत, तोवर हॉल रिकामा झालेला असे. लाकडी फळ्या, त्यांच्यावर पिनांची भोकं, शाईचा आणि खोडरबराचा वास, खिडकीतून आडवं पडलेलं पिवळं ऊन. ट्रेसिंग पेपरवर चुकलेली रेघ ब्लेडने खरवडत ती बसलेली असायची आणि जिन्यातून बाबांची पावलं ऐकू यायची. इतक्या पावलांतून ती त्यांची पावलं बरोबर ओळखायची.

त्या जिन्याची एक गंमत होती, आणि ती फक्त त्या दोघांना ठाऊक होती. पहिल्या मजल्यापर्यंत बाबा बोलत. कुठल्या घरी नातू झाला, कुणाच्या दारातलं कुत्रं आता चावत नाही, कोणती आजी रिकाम्या हाताने आलेल्या पोस्टमनलाही पाणी विचारते. दुसऱ्या मजल्याला वाक्यं तुटायला लागत. आणि तिसऱ्याच्या जिन्यात दम लागून ते अगदी गप्प होत. घरी ज्यांच्यापुढे आईलाही शब्द घालता येत नसे, ते बाबा तेवढा वेळ नुसतं "हं, हं" करत. मग ताई बोले. त्यांच्या मानेजवळ तोंड असल्यामुळे मोठ्याने बोलावंही लागत नसे.

सगळ्या अवघड गोष्टी तिने त्यांना तिथेच सांगितल्या. पहिल्या परीक्षेत नापास झाले, हे तिथेच. वर्गातला एक मुलगा आपलं पेन तिला वापरायला देतो आणि परत मागत नाही, हेही तिथेच. बाबा मधल्या वळणावर थबकले. ओरडायला छातीत हवा नव्हती. नुसतं विचारलं, "पेन... बरं चालतं का?"

"चालतं," ताई म्हणाली.

"मग असू दे," म्हणून ते पुन्हा चढायला लागले.

पुढे त्या मुलाचं दुसरीकडे जमलं. तेही तिने बाबांना त्याच जिन्यात सांगितलं. त्या दिवशी ते नुसतं "हं"ही म्हणाले नाहीत, पण पाठीमागे गुंफलेले त्यांचे हात घट्ट झालेले तिला कळले. वर पोचल्यावर रोजचा विनोद मात्र त्यांनी केला, थोडा जास्तच मोठ्याने.

अभ्यासक्रम संपला. ताई एका आर्किटेक्टच्या कार्यालयात तळमजल्यावर नकाशे काढायला लागली. पुढे चाकाची खुर्ची आली, ती हातांनी चाकं फिरवत स्वतःची स्वतः ये-जा करायला लागली, आणि बाबांची पाठ मोकळी झाली. आई गेली. भाऊ लग्न होऊन लांबच्या शहरात गेला. बाबा निवृत्त झाले. मग ते नवे नियम आले, तेव्हा कार्यालयातल्या मोठ्या साहेबांनी ते बाड ताईच्या टेबलावर ठेवलं. "तुला यातलं कळतं, तूच वाच."

ताईला ते आवडलं नव्हतं. ती घरी येऊन धुसफुसली. "मला जिन्यांचे नकाशे आवडतात, गच्च्यांचे आवडतात. मी खुर्चीत बसते म्हणून काय जन्मभर उतारच काढू?"

"नको काढूस," बाबा म्हणाले. "पण वाचून तर बघ. फुकट टपाल आलंय."

तिने वाचलं, आणि त्यात गुंतली. एक फूट चढायचं तर उतार बारा फूट लांब हवा. दारापुढे खुर्ची वळवायला जागा हवी. जिन्याला दोन्ही बाजूंना कठडा हवा. कोरडे आकडे होते, पण प्रत्येक आकड्यामागे तिला कुणीतरी माणूस दिसायचा. नियम समजावून सांगता येतील अशी माणसं फार नव्हती. आधी साहेबांच्या ओळखीने, मग आपल्या गुणावर, ती शिकवायला लागली.

बाहेरच्यांना शिकवणं सोपं होतं, घरच्या म्हाताऱ्यापुढे तिने हात टेकले. बाबांचे गुडघे एव्हाना कुरकुरायला लागले होते. आयुष्यभर लोकांचे जिने चढल्याची वसुली. घराला पुढे दोन पायऱ्या होत्या आणि ताईसाठी बाजूने उतार केलेला होता. बाबा दात आवळत पायऱ्याच चढत.

"बाबा, उतारावरून या ना."

"तो तुझा आहे."

"त्यावर माझं नाव लिहिलंय का?"

"पोस्टमनला उतार लागतो म्हटलं तर लोक काय म्हणतील?"

न्हाणीघरात भिंतीला धरायचा दांडा बसवू या म्हटलं, तर म्हणाले, "मी काय सर्कशीत आहे?" शौचालयाचं भांडं उंच करू या म्हटलं, तर उठून सरळ बाहेरच गेले. ताई कपाळाला हात लावून बसली. शहरभरचे आर्किटेक्ट तिचं ऐकत होते, आणि घरात तिचा एक दांडा बसत नव्हता.

मग एका वर्षी वर्ग घ्यायची जागा ठरली, ती तिचंच जुनं तंत्रनिकेतन. तिसरा मजला. तोच हॉल. नवी लिफ्ट बसल्याचं पत्रात मुद्दाम कळवलं होतं. ताईने ते बाबांना वाचून दाखवलं. बाबा वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, "मीही येतो. तू कशी शिकवतेस ते बघतो."

"तीन तास बसावं लागेल."

"तुझ्या शाळेच्या गॅदरिंगला बसलोय मी. हे काय मोठं!"

त्या सकाळी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. दोघं तंत्रनिकेतनाच्या फाटकातून आत शिरले. इमारतीला नवा रंग होता, पण व्हरांड्यातल्या फरश्या त्याच, मधोमध झिजलेल्या. जिना तसाच, लोखंडी कठडा एकाच बाजूला. जिन्यापलीकडे भिंत फोडून चकचकीत लिफ्ट बसवली होती. ताई खुर्ची आत घेऊन वळली, तर बाबा बाहेरच.

"तू हो पुढे," ते म्हणाले. "मी आलोच."

"बाबा, वेडेपणा करू नका हं! बाबा!"

दार सरकून बंद झालं.

वर हॉलमध्ये लाकडी फळ्या गेल्या होत्या, त्यांच्या जागी साधी टेबलं होती. पण खिडक्या त्याच होत्या, आणि ऊनही.  समोर आर्किटेक्ट बसले होते, काही तरुण, काही पिकलेले. मागे डोक्यावर काळा चष्मा चढवून बसलेले एक गृहस्थ होते. तिने मनात त्यांचं नाव गॉगल ठेवलं. तिने सुरुवात केली, पण लक्ष दाराकडे.

गॉगलसाहेबांनीच पहिली शंका काढली. "ताई, तुमचं सगळं बरोबर आहे. पण जागा असते एवढीशी. बारा-बारा फूट उतार काढायचा, तर मालक विचारतो, गाडी कुठे लावू?"

"खरं आहे," ताई म्हणाली. "मग तुम्ही काय सांगता?"

"सांगतो, की अपंग माणूस तुमच्याकडे येतोय कधी? आला तर चौघं मिळून उचलू."

वर्ग हसला. ताईही हसली असती एरवी. तिच्याकडे याचं तयार उत्तर होतं, वर्षानुवर्षं दिलेलं. पण बाबा अजून आले नव्हते.  "एक मिनिट हं," म्हणून तिने खुर्ची वळवली आणि व्हरांड्यातून जिन्याच्या तोंडाशी गेली.

खालून श्वास ऐकू येत होता. मोठा, खरखरीत, मधेच शीळ वाजल्यासारखा. तिने मान लांब करून पाहिलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधल्या वळणावर बाबा पायरीवर बसले होते. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला.

"बाबा!"

त्यांनी हात वर केला. बोलता येत नव्हतं.

"छातीत दुखतंय का?"

त्यांनी मान हलवली. नाही. मग उजव्या गुडघ्यावर थाप मारली.

ताईने चाकं घट्ट धरली होती. लिफ्टने दुसऱ्या मजल्यावर गेली असती, तरी बाबा अर्धा जिना वरच राहिले असते. वरून गेली काय आणि खालून गेली काय, हाताला लागणार नव्हते. ज्या माणसाने तिला इथून रोज वर नेलं, तो अर्ध्या जिन्यावर बसला होता, आणि त्याच्यापर्यंत जायला तिच्याकडे वाट नव्हती. इतक्या वर्षांत ती त्या जिन्याकडे अशी वरून, एकटीने कधी बघत बसली नव्हती.

पाठीमागे वर्ग जमला होता. गॉगलसाहेब पुढे झाले, दोन-दोन पायऱ्या उतरत बाबांजवळ पोचले आणि त्यांनी खांद्याला हात घातला. "चला काका, मी उचलतो तुम्हाला. काही जड नाही तुम्ही."

बाबांना तेवढ्यात आवाज फुटला. "हात लावू नका हो! मी काय सामान आहे?"

गॉगलसाहेबांचा हात हवेतच राहिला.  मग काय मनात आलं कुणास ठाऊक, पायरीची धूळ न झटकता ते बाबांशेजारी बसले. "माझे वडील असंच म्हणायचे," ते म्हणाले. "शेवटी शेवटी घराबाहेरच पडले नाहीत. उचललेलं आवडायचं नाही त्यांना." थोडं थांबून म्हणाले, "घर मीच बांधलेलं होतं."

 तरुण आर्किटेक्ट पायऱ्यांवर जागा मिळेल तसे टेकले. ताई वर, बाबा खाली, मधे तिचा वर्ग.

"चढताना कठडा डावीकडे आहे," बाबा कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. "माझा उजवा गुडघा गेलाय. तेव्हा हात मोकळे नसायचे, त्यामुळे कठडा कुठल्या बाजूला आहे ते कधी पाहिलंच नव्हतं."

जिन्याला दोन्ही बाजूंना कठडा हवा, हा नियम ताईने किती वर्गांत फळ्यावर लिहिला होता! पण कठडा धरून चढायची वेळ तिच्यावर आयुष्यात आली नव्हती. पाठ असलेला तो नियम तिला त्या दिवशी कळला. तसं तिने वर्गाला सांगूनही टाकलं. मग पुढचा तास तिने जिन्याच्या तोंडाशीच घेतला. उतार का लांब हवा, वळणावर टेकायला जागा का हवी, मदत मागावी लागणं आणि मदत मिळणं यात काय फरक आहे. सगळे ऐकत होते, आणि चहा गार होत होता.

बाबांची धाप खाली बसल्यावर ठरलं, की ते अर्धा जिना उतरून दुसऱ्या मजल्यावर जातील. उतरताना कठडा उजवीकडे येत होता. एक हात कठड्यावर आणि दुसरा गॉगलसाहेबांच्या दंडावर. तो मात्र त्यांनी आपणहून धरला होता. ताई लिफ्टने खाली आली. दार उघडलं, तेव्हा बाबा समोरच उभे होते, केस विस्कटलेले, चेहरा लाल. तिचा जीव भांड्यात पडला. ती रागवायचं ठरवून आली होती, पण ते राहूनच गेलं.

बाबा आत आले, गॉगलसाहेब जिन्यानेच वर गेले. बटणं कुठे आहेत ते त्यांनी शोधलं आणि स्वतः वाकून तीन नंबर दाबला. लिफ्ट हलली न हलली तोच थांबली.

"झालं?" बाबा म्हणाले. "आलो?"

"आलो."

ते बाहेर न पडता तसेच उभे राहिले. "लवकरच आलो गं. बोलायला वेळच मिळाला नाही."

ताईने दार धरून ठेवायचं बटण दाबलं. दार सरकायला लागलं की पुन्हा दाबलं. हॉलमध्ये माणसं वाट बघत होती, पण तिने त्यांना बघू दिली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही न्हाणीघरात पडाल अशी मला भीती वाटते. कार्यालयात बसले तरी तेच डोक्यात असतं. आणि तुम्ही पडलात, तर मला तुम्हाला उठवता यायचं नाही."

त्यांना दम लागलेला नव्हता. हवं तर ते ओरडू शकले असते, विनोद करू शकले असते. त्यांनी खाली बघत नुसतं "हं" म्हटलं.

मग ते हॉलमध्ये येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. मुलगी कशी शिकवते ते बघायला आले होते, पण पाचव्या मिनिटाला त्यांना झोप लागली, तोंड उघडं टाकून. त्यांच्या घोरण्यावर कुणी हसलं नाही. गॉगलसाहेबांनी उठून त्यांच्या तोंडावरचं ऊन अडवायला पडदा तेवढा सरकवला.

त्या आठवड्यात न्हाणीघरात दांडा बसला. मिस्त्री आला, तेव्हा बाबांनी स्वतः आत उभं राहून हात कुठे पडतो ते भिंतीवर पेन्सिलने दाखवलं, आणि मिस्त्रीला इतक्या सूचना केल्या, की तो बिचारा मेटाकुटीला आला. उतारावरूनही ते जायला लागले. लोक काय म्हणतील, असं त्यांना वाटत होतं. लोकांनी काहीच म्हटलं नाही, त्याचंच त्यांना थोडं वाईट वाटलं.

त्यानंतर बाबा आणखी काही वर्षं होते. आता ताई एकटी आहे, वर्ग घेते, आणि संध्याकाळी घरी आल्यावर कधी कधी दिवा न लावता बसून राहते. त्या शेवटच्या वर्षांतल्या संध्याकाळी तिला फार आठवतात. काठी वापरायला बाबा शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. पण संध्याकाळ झाली, की चपला घालून ताईच्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. खुर्चीच्या दोन्ही मुठी धरायचे आणि म्हणायचे, "चल, तुला फिरवून आणतो."

दोघं कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत जात. चाकं ताई फिरवायची, अगदी बेताने, म्हाताऱ्या पावलांना झेपेल अशी. रस्त्यावरचे लोक थांबून कौतुकाने बघत. या वयातही बाप मुलीची खुर्ची ढकलतोय! एकदा एका बाईने तर जवळ येऊन तसं बोलूनही दाखवलं. बाबांनी सगळा भार मुठींवर टाकलेला होता, तो ताईला खांद्यापर्यंत जाणवत होता.

"हो ना," ताई त्या बाईंना म्हणाली. "ऐकतच नाहीत."

 बाई गेल्यावर बाबांनी मुठी पुन्हा नीट धरल्या आणि ताईने घट्ट धरून ठेवलेली चाकं पुन्हा हळूच फिरवली.